पगार जर्मनीचा, बातमी कुणाची?

पत्र :

ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची, घर साताऱ्याला. पुण्यात एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर तीन वर्षं काम करते. कॉलेजात हौस म्हणून जर्मन धरलं, ते सुटलं नाही. यंदा जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास झाले. मैत्रिणीने जर्मनीच्या डॉइचे वेले वाहिनीतल्या प्रशिक्षणार्थी पत्रकारांच्या भरतीची जाहिरात पाठवली आणि माझी झोप उडाली. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "ज्या वाहिनीला सरकार पोसतं तिथे बातमी नसते, प्रचार असतो. त्यात सरकारही आपलं नाही, परकं." दादा म्हणतो, तिथे हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाहीच, मग तुझ्या तीन वर्षांचं काय लोणचं घालायचं? बाबांना बातमीतलं कळत नाही असंही म्हणता येत नाही. ते बीबीसी हिंदी ऐकत मोठे झाले, आता रोज मोबाइलवर बीबीसी मराठी वाचतात. अर्ज भरू का? आणि त्यांच्याशी काय बोलू?
– जर्मनवाली, पुणे

उत्तर :

जर्मनवाली,

अर्ज भर. मुदत टळेपर्यंत घरात चर्चासत्र भरवत बसू नकोस. अर्ज केला म्हणजे लगेच विमानात बसावं लागतं असं नाही. पण बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यातलं अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं तपासून बघावं असं आहे. ते तपासण्याचं काम तुझं, कारण उद्या त्या वाहिनीचं ओळखपत्र तुझ्या गळ्यात असेल.

खरं आहे ते आधी. डॉइचे वेलेचा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. जर्मनीत प्रत्येक घराकडून महिन्याला १८.३६ युरो प्रसारण वर्गणी घेतात. ती एआरडी, झेडडीएफ, डॉइचलांडराडिओ अशा देशातल्या संस्थांकडे जाते. डॉइचे वेलेचा खर्च मात्र संघराज्याच्या अर्थसंकल्पातून भागतो, वर्षाला ४० कोटी युरोंच्या घरात. याला कारण आहे. नाझींनी रेडिओ एका हाताखाली आणून काय केलं हे भोगून झालेलं होतं, म्हणून युद्धानंतर देशातलं प्रसारण केंद्राकडे ठेवायचंच नाही, राज्यांकडे द्यायचं असं ठरलं. परदेशासाठीचं प्रसारण तेवढं केंद्राच्या पदरात राहिलं. ३ मे १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांच्या भाषणाने शॉर्टवेव्हवर सुरुवात झाली, टीव्ही १९९२ साली आला, आणि आज तीसहून अधिक भाषांत काम चालतं. तिच्या कायद्यातच लिहिलंय की जर्मनी हा कसा देश आहे हे जगाला समजावं आणि जर्मन भाषेचा प्रसार व्हावा. म्हणजे जगात आपलं म्हणणं पोचावं म्हणूनच त्या देशाने ही संस्था काढली, हे बाबांना पहिल्याच वाक्यात कबूल करून टाक. फ्रान्स २४ चंही तेच. इराक युद्धाच्या वेळी जगाच्या पडद्यावर सगळं इंग्रजीतूनच दिसतंय हे फ्रेंचांना खुपलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी हट्ट धरला आणि डिसेंबर २००६ मध्ये ती वाहिनी सुरू झाली. यात लपवाछपवी कुणीच करत नाही.

पुढचा प्रश्न बाबांनी विचारला नाही, तो तू विचार. पैसे देणाऱ्याच्या हातात आणखी काय काय आहे? संपादक कोण नेमतं? नको असलेली बातमी थांबवायला फोन कुणाला करावा लागतो, आणि तो उचललाच नाही तर काय होतं?

डॉइचे वेलेच्या प्रमुखाला इंटेंडंट म्हणतात. त्याला मंत्री नेमत नाही. १७ जणांची प्रसारण परिषद सहा वर्षांसाठी निवडते. या १७ पैकी सरकारचे तीन, संसदेच्या दोन सभागृहांचे दोन-दोन, आणि उरलेले दहा चर्च, ज्यू समाजाची मध्यवर्ती परिषद, कामगार संघटना अशा संस्थांकडून येतात. कायदा पाळला जातोय की नाही हे सरकार बघू शकतं. बातमीत काय असावं यावर सरकारी देखरेख नाही, हेही कायद्यातच आहे. आता ही गणितं बाबांसमोर मांडलीस तर ते म्हणतील, आपल्या प्रसार भारतीचा स्वायत्ततेचा कायदाही १९९० चा आहे की! बरोबर आहे. कागदावरची स्वायत्तता किती पातळ असू शकते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अमेरिकेलाही ते कळलं. व्हॉइस ऑफ अमेरिका ही तिथली सरकारी पैशावरची, जगासाठीची वाहिनी १९४२ पासूनची. सरकारने बातमीत हात घालू नये अशी भिंत कायद्यानेच घातलेली. १४ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिच्या पालक संस्थेला कात्री लावणारा आदेश काढला, आणि दुसऱ्या दिवशी १,३०० हून अधिक कर्मचारी सक्तीच्या रजेवर. त्यात कामाच्या व्हिसावर आलेले परदेशी पत्रकार होते. नोकरी गेली की देश सोडायचा, आणि काहींच्या मायदेशात त्यांच्यासाठी तुरुंगच वाट बघत होता. तुला साताऱ्याला परत यायला कुणाची भीती नाही हे नशीब. पण व्हिसा नोकरीला बांधलेला असतो हे नीट ध्यानात ठेव. याकडे मी नंतर येते.

आता बाबांची बीबीसी. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याची बातमी आकाशवाणीने सांगायच्या आधी आपल्याकडे असंख्य लोकांनी बीबीसीवर ऐकली. तुझे बाबा त्यात होते का, विचार. असतील तर त्यांचे डोळे चमकतील. मग हळूच सांग की त्या काळात बीबीसीची परदेशी सेवा पूर्णपणे ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालायची. २०१४ पर्यंत तसंच होतं. आणि रोज वाचतात ती बीबीसी मराठी? २ ऑक्टोबर २०१७ ला ती सुरू झाली ती ब्रिटिश सरकारने भाषा वाढवण्यासाठी दिलेल्या २८.९ कोटी पौंडांच्या जोरावर. (२०२४ पासून भारतीय भाषांतला मजकूर एक भारतीय कंपनी बनवून देते, कारण डिजिटल बातम्यांत परकी भांडवलाला आपल्याकडे २६ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ते वेगळं प्रकरण.) परक्या सरकारच्या पैशातून आलेल्या बातमीवर बाबांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, आणि डोळे झाकून ठेवला नाही. ऐकून, पडताळून, कधी शिव्या घालून ठेवला. डॉइचे वेलेलाही तेवढीच वागणूक द्या, इतकंच त्यांना म्हण. त्यांना हरवायला जाऊ नकोस; निवृत्त बँकवाल्याशी हिशोबावरून भांडण जिंकता येत नसतं.

मला विचारशील तर सरकारी पैशापेक्षा धास्ती न दिसणाऱ्या पैशाची. युरोन्यूज बघ. १ जानेवारी १९९३ ला युरोपातल्या सार्वजनिक वाहिन्यांनी मिळून फ्रान्समध्ये लिऑनला ती सुरू केली. पुढे पैशांची ओढाताण झाली, खासगी मालक आले, आणि २०२२ मध्ये एका पोर्तुगीज गुंतवणूक कंपनीने ती घेतली. त्या खरेदीत हंगेरीच्या सत्ताधाऱ्यांच्या गोटातला पैसा होता असं युरोपातल्या वृत्तपत्रांनी एकत्र शोध घेऊन छापलं, ते २०२४ मध्ये. दोन वर्षं बघणाऱ्याला पत्ताच नाही! आणि लांब कशाला जायचं, तू तीन वर्षं डेस्कवर आहेस. कुठल्या बिल्डरची बातमी 'होल्ड'वर जाते, कुठल्या कारखान्याच्या थकीत ऊसबिलाची टिकरवरची ओळ अर्ध्या तासात गायब होते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्यासाठी कुठल्या कायद्यात कलम नसतं.

आता जिथे तुला खरोखर थांबून विचार करावा लागेल ती जागा. २०२१ च्या शेवटी डॉइचे वेलेच्या अरबी विभागातल्या काही जणांवर ज्यूद्वेषी मजकूर लिहिल्याचा आरोप जर्मन वृत्तपत्रातून झाला. संस्थेने बाहेरच्या लोकांकडून चौकशी करवली, फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल आला, पाच जणांना काढलं. त्यातल्या काहींची बडतर्फी पुढे कामगार न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर संस्थेने आपल्या आचारसंहितेत इस्रायलच्या अस्तित्वाच्या हक्काला पाठिंबा हे स्पष्ट लिहून घेतलं. जर्मनीचा इतिहास पाहता हे का, ते समजतं. पण गाझाची बातमी करताना या कलमाची सावली डेस्कवर किती लांब पडते, हा प्रश्न उरतोच, आणि तो तिथल्या पत्रकारांनाही पडतो. ही आचारसंहिता करारावर सही करण्याआधी शब्दन् शब्द वाच. तू स्वतःच्या फेसबुकवर काय लिहितेस तेही तिच्या कक्षेत येतं. वाचून पटली तर पुढे जा. नाही पटली तर नाव मागे घे, मी तुला शहाणीच म्हणेन. न वाचता सही करू नकोस, एवढंच. सहा महिन्यांनी बॉनच्या मुख्यालयातल्या कॅन्टीनमध्ये बसून "मला माहीत नव्हतं" असं तुला म्हणावं लागू नये.

आणि बाबांना पटवायचं तर वाद सोडून एक काम दे. पुढचा आठवडाभर दोघांनी मिळून डॉइचे वेले बघा, पण भारताच्या बातम्या सोडून द्या. भारताबद्दल परकी वाहिनी काय म्हणते यावर आपलं रक्त लगेच तापतं आणि परीक्षा तिथेच फसते. जर्मनीला जे दुखतं ते बघा : शस्त्रांची निर्यात, फोक्सवागनमधली नोकरकपात, निर्वासितांचं धोरण, गाझा. तीच बातमी अल जझीरावर बघा. ती कतारच्या पैशावर चालते, म्हणून तिच्याबाबतीत कतारमधल्या मजुरांची बातमी कशी येते ते बघा. कोण काय गाळतं ते वहीत टिपा. बाबांना वही आवडेल.

आता दादा. मराठी विभाग नाही हे खरं आहे. हिंदी आहे १५ ऑगस्ट १९६४ पासून, बंगाली, उर्दू, तमिळ आहे. मराठीत बोलण्याचे पैसे तुला तिथे कुणी देणार नाही. पण दादाला वाटतं की भाषा म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलायची गोष्ट. बातमीदाराची भाषा आधी ऐकायच्या कामाची.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली तेव्हाचं आठव. लासलगावला लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. तुझ्या डेस्कवर ती बातमी कशी गेली असेल? "लासलगाव पेटलं", दोन बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे), एका आमदाराचा फोनो (फोनवरची प्रतिक्रिया), झालं. प्रेक्षकाला लासलगाव कुठे आहे, लिलाव काय असतो, कांद्यावरून सरकारं का घाबरतात हे सांगावं लागत नाही. आता तेच पॅकेज, म्हणजे दृश्यांसह बांधलेली बातमी, नैरोबीतल्या किंवा बोगोटातल्या माणसासाठी लिही, ९० सेकंदांत. पहिल्या दहा सेकंदांतच तुझी दमछाक होईल. 'आडत्या' कसा सांगशील? क्विंटलचा भाव काय म्हणून द्यायचा? बाजार समितीच्या ओट्यावरचा म्हातारा "आता इकून काय, फेकून द्यायचा" म्हणतो तेव्हा त्याचा त्रागा किती आणि हिशोब किती, हे दिल्लीहून आलेल्या हिंदी बातमीदाराला दुभाष्याकडून कळणार नाही. तुला ओट्यावर उभ्या-उभ्या कळतं.

उलटंही करून बघ. जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनच्या ब्रँडनबुर्ग गेटसमोर शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून लावले होते; शेतीच्या डिझेलवरची करसवलत सरकार काढून घेत होतं म्हणून. ती दृश्यं घे आणि निफाडच्या द्राक्षवाल्यासाठी लिही. त्याला पहिल्यांदा प्रश्न पडेल, एवढे मोठे ट्रॅक्टर असलेला माणूस रडतोय कशाला? तिथून सुरुवात कर. अनेक भाषांच्या न्यूजरूममध्ये रोज हेच चालतं. युरोन्यूजने तर पहिल्यापासून दृश्यं एकच ठेवली आणि प्रत्येक भाषेचा पत्रकार त्यावर आपापला मजकूर लिहायचा. डॉइचे वेलेतही एका भाषेत झालेलं पॅकेज दुसऱ्या भाषेवाले उचलतात, पण पहिलं वाक्य बदलतात, एखादा बाईट टाकतात, एखादा काढतात. त्या काढघालीतच पत्रकाराची किंमत कळते. ही दोन्ही पॅकेजेस खरोखर लिही, आवाज देऊन रेकॉर्ड कर. मागतील तर अर्जासोबत जोड. नाही मागितली तरी मुलाखतीत बोलायला तुझ्याकडे काहीतरी हाडामांसाचं असेल. "मला जागतिक पत्रकारितेची आवड आहे" हे वाक्य मात्र खोडून टाक. ते सगळेच लिहितात.

बी-टूबद्दल स्पष्ट बोलते. अभिनंदन, पण संपादकीय बैठकीत बी-टू पुरत नाही. संथ लयीतल्या जर्मन बातम्या डॉइचे वेलेच शिकणाऱ्यांसाठी देते, त्या तू सकाळी ऐकत असणार. बैठकीत मात्र कुणी संथ बोलत नाही, आणि तीन जण एकदम बोलतात. त्यापुढच्या पातळीचा, सी-वनचा वर्ग आजच लाव, अर्जाचं काय होतंय याची वाट न बघता. इंग्रजीही लिहिण्याइतकं धारदार हवं. आशियाच्या बातम्यांचं बरंच काम इंग्रजीत चालतं. हे साधलं नाही तर दुसरी वाट आहे : डॉइचे वेले अकादमीचा बॉनमधला माध्यमांविषयीचा एमए. चार सत्रांचा आहे, स्थानिक विद्यापीठांसोबत चालतो, आणि जगभरातून आलेले पत्रकार तिथे असतात. शिवाय वाहिनीचं कार्यालय दिल्लीतही आहे. साताऱ्याहून थेट ऱ्हाइन नदीकाठीच उडी मारली पाहिजे असं नाही.

व्हिसाचं म्हणाले होते. प्रशिक्षण संपल्यावर पक्की नोकरी मिळेलच असं धरून चालू नकोस. जर्मनीतल्या सार्वजनिक वाहिन्यांत मोठा वर्ग वर्षानुवर्षं फ्रीलान्स करारावर काम करतो, डॉइचे वेलेतही. अर्थसंकल्प आटला की आधी ते लोक वाऱ्यावर पडतात. म्हणून मुलाखतीत लाजू नकोस, सरळ विचार : प्रशिक्षणानंतर करार कसला? राहण्याचा परवाना कोणत्या प्रकारचा, आणि करार संपला तर नवीन काम शोधायला किती महिने मिळतात? आजारपणाचा विमा कोण भरतं? आपल्याकडच्या मुली हे प्रश्न विचारायला संकोचतात आणि मग परदेशात एकट्या रडतात. जर्मन माणसाला असे प्रश्न आवडतात, विश्वास ठेव.

बाबांना सांगायचं ते अर्ज पाठवून झाल्यावर सांग, परवानगी मागू नकोस, पण लपवूही नकोस. आचारसंहितेची प्रत मराठीत समजावून दे. बँकेत आयुष्य काढलेला माणूस बारीक अक्षरातल्या अटी कुणापेक्षाही चांगल्या वाचतो. तुझ्या नजरेतून सुटलेलं कलम त्यांना सापडेल. सापडलं तर ते पेन्सिलने अधोरेखित करायला लाव आणि मुलाखतीला तो कागद सोबत ने.

आणि हो, करार हातात पडून व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत सध्याच्या वाहिनीत राजीनामा देऊ नकोस, कितीही वाटलं तरी. डेस्कवर कुणाला सांगूही नकोस. रात्रपाळ्या लागतील.